ईशान्येचा कोपरा

नव्या पेठेतल्या गुरुबसप्पाला दुकानावर मजला चढवायचा होता, आणि खाली पाया किती खोल आहे हे कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे कागदावर माहीत होतं. त्रेपन्न साली त्याच्या वडिलांनी, ईरप्पांनी, दुकान बांधलं तेव्हाच्या परवान्यावर स्वच्छ लिहिलं होतं: ‘पाया साडेसहा फूट, चारी कोपरे, मुरूम लागला.’ खाली तपासणाऱ्या ओव्हरसियरची सही होती. सही माझी होती.

गुरुबसप्पा इरकली साड्यांचा व्यापारी. गिरणीचा शिक्का असलेलं ठाणसुद्धा स्वतःच्या हातानं पुन्हा मापल्याशिवाय कपाटात ठेवायचा नाही. बायकोनं भाजीत मीठ घातलंय म्हणून सांगितलं तरी चाखून बघायचा, असं त्याचे शेजारी म्हणत. असा माणूस बावीस वर्षांपूर्वीच्या कागदावर मजला चढवील, हे शक्यच नव्हतं. त्यातून दुष्काळ संपून जेमतेम दोन वर्षं झालेली. त्या दुष्काळात सोलापूरची काळी माती इतकी आटली, की ज्यांचे पाये मुरमापर्यंत गेलेले नव्हते त्यांच्या भिंतींना बोट जाईल अशा भेगा पडल्या. त्याच्या दुकानाला एकही भेग नव्हती. पण तो म्हणायचा, नाही पडली म्हणजे पडणारच नाही असं थोडंच आहे.

मी तेव्हा खासगी कामं घेत होतो. गुरुबसप्पानं मला बोलावलं, कागद पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, “ज्यानं सही केली त्यालाच विचारावं म्हटलं. खोटं निघालं तरी एकाच माणसाचं निघेल.”

मी हसलो. ही सही मला आठवत नव्हती. तसल्या सह्या मी त्या वर्षी दोन-अडीचशे केल्या असतील.

पाया उघडून बघायची सोय नव्हती. डावी-उजवी दुकानं भिंतीला भिंत लावून उभी, मागं दुसऱ्याचं गोदाम, पुढं रस्ता आणि रस्त्यावर सगळी पेठ. आत साड्यांची कपाटं आढ्याला टेकलेली. आणि भार असलेल्या भिंतीच्या बुडाशी काळ्या मातीत खड्डा घेणं म्हणजे भिंतीला ‘ये’ म्हणून बोलावणंच. तेव्हा न उघडता खोली काढायची होती. ती युक्ती मी धरणाच्या कामावर असताना बघून ठेवली होती. तिथं पुण्याहून आलेली मंडळी जमिनीवर घण मारायची आणि लांब बसून खालचा खडक किती खोल आहे ते ऐकायची. त्यांच्याकडं यंत्रं होती. माझ्याकडं ओळखीच्या डॉक्टरकडून मागून आणलेली, छाती तपासायची नळी होती.

रीत अशी. भिंतीपासून वीतभर अंतरावर एक फरशी काढायची. मोठ्या गिरमिटानं मनगटाएवढं भोक आठ-नऊ फूट खाली न्यायचं. त्यात बूड बंद केलेला लोखंडी पाईप उतरवून पाण्यानं भरायचा. मग डॉक्टरी नळीला लांब रबर जोडून, टोकाला कातडं ताणलेली एक डबी बसवून, ती पाण्यात फूट-फूट खाली सोडायची. दर फुटाला एकानं भिंतीच्या जोत्यावर लाकडी मोगरी मारायची, दुसऱ्यानं ऐकायचं. डबीशेजारी पायाचा दगड असेल तोवर ठोका कोरडा, टणक येतो. दगड संपला की तोच ठोका ओल्या गादीवर मारल्यासारखा होतो. तिथं पाया संपला. मुरूम कुठं लागतो ते गिरमिटच सांगतं; काळ्या मातीत ते लोण्यात गेल्यासारखं जातं आणि मुरूम आला की दात खातं.

मोगरी मारायला गुरुबसप्पा आपला नोकर देत होता. पण ते काम मायाप्पानं मागून घेतलं.

हा मायाप्पा म्हणजे ज्यानं ते दुकान बांधलं तो गवंडी. कुंभारीचा धनगर. घरच्या मेंढ्या भावाच्या अंगावर टाकून पोरवयात हातात थापी घेतलेला. नव्या पेठेत त्याचे तीसेक पाये होते आणि दुष्काळात त्यांतल्या एकावरही भेग पडलेली नव्हती. हे तो कुणी न विचारता सांगायचा. आता साठीला आला होता, हात मंदावला होता, सिमेंटची नवी कामं त्याला जमत नव्हती. तरी बोलावणं यायचं ते त्या तीस पायांच्या नावावर. गिलावा कुणीबी मारतंय, भिंत कुणीबी उभी करतंय, गवंड्याचं नाव जमिनीखाली असतंय, असं त्याचं म्हणणं. गुरुबसप्पानं त्याला शब्द दिला होता, की पाया कागदाप्रमाणं निघाला तर मजल्याचं काम तुझंच. नाही निघाला तर काय, हे कुणी बोललं नव्हतं. बोलायची गरजही नव्हती. पेठेत एकाचा पाया खोटा निघाला, की उरलेले एकोणतीस आपोआप खोटे होतात.

म्हणून तो मोगरी मारायला आला. धोतर खोचून, डोक्याला लाल पटका बांधून, लग्नाला आल्यासारखा.

पुढचे दोन कोपरे दोन-दोन दिवसांत झाले. मुरूम साडेसहा फुटांवर लागला, पाया पावणेसात. मायाप्पानं मला पाऊण फूट तरी जास्त सांगा की म्हणून छेडलं. मी म्हटलं, तू खोदलंस त्याहून खाली मी कसा सांगू. गुरुबसप्पा गादीवरून उठून दर वेळी स्वतः नळी कानाला लावून बघायचा. त्याला काही कळत नव्हतं, पण माप दुसऱ्याच्या कानावर सोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मागचा डावा कोपराही मापात भरला. मायाप्पा प्रत्येक कोपऱ्यानंतर बाहेर जाऊन शेजारच्या दुकानदारांना सांगून यायचा, आणि ते त्याची थट्टा करायचे, की अरे एवढं खोल गेलास तर पाताळातनं पाणी तरी का नाही आणलंस.

राहिला मागचा उजवा. ईशान्येचा.

त्या दिवशी दुपारी गुरुबसप्पाची आई, काशम्मा, मुलाचा डबा घेऊन आली. तिची एक सवय होती. दुकानात पाऊल टाकलं की आधी त्या कोपऱ्याशी जायचं, जोत्याला हात लावून कपाळाला लावायचा, मग बाकीचं. फरशी काढलेली बघून ती थबकली. नंतर मला म्हणाली, “इथं आम्ही दोघांनी पूजा केली होती. सव्वानऊचा मुहूर्त होता. तुम्ही होता की तेव्हा.”

सव्वानऊ म्हटल्यावर मला ती सकाळ आठवली.

तीन खड्डे आदल्या दिवशी पुरे झाले होते. ईशान्येच्या खड्ड्यात झिरपा लागून कड ढासळली आणि तो चार फुटांवर अडकला. सकाळी अक्कलकोटहून स्वामी आले, ताटं मांडली, मुहूर्त टळायला आला. मायाप्पा म्हणाला, अजून अडीच फूट जायाचं हाय. ईरप्पा म्हणाले, पूजा होऊन जाऊ दे, खाली मागाहून जा. काशम्मा तेव्हा ताटांपाशी होती, खड्डा पुरा झालाय असंच तिला वाटलं. पूजा झाली. काशम्मा तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीसची. हिरवं नेसून खड्ड्यात उतरली, दगडाला दूध-हळद-कुंकू लावलं. आणि मायाप्पानं पुन्हा कुदळ उचलली तशी तिनं दगडावर हात ठेवला. एकदा पूजलेल्या जागी लोखंड लावायचं नाही, दगड हलवायचा नाही. तिच्या माहेरी तसं होतं, सासरी तसं होतं, पेठेतही सगळ्यांकडं तसंच होतं. म्हणून तर शहाणे लोक खड्डा पुरा झाल्याशिवाय मुहूर्त काढत नाहीत. ईरप्पांनी माझ्याकडं बघितलं. मला त्या दिवशी आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. मी म्हटलं, भरून घे रे, एका कोपऱ्यानं काय होतंय. आणि कागदावर चारी कोपरे लिहून टाकले. ईरप्पा त्याच वर्षी दिवाळीच्या आत गेले. काशम्मानं त्या दुकानावर मुलगा वाढवला.

मी मायाप्पाकडं बघितलं. तो माझ्याकडंच बघत होता. त्याला सगळं पहिल्यापासून आठवत होतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. आणि मला आत्ता आठवलं, हे त्याला माझ्या.

गिरमिट वीतभर अंतरावर लावलं तर अडीच फुटांवरच दगडाला लागलं. जरा लांब लावलं, पुन्हा दगड. मायाप्पा म्हणाला, “तितं दगडच लागंल, सायेब. आनिक लांबनं घ्या.” मी म्हटलं, जुना राडारोडा असेल. भिंतीपासून तीन फुटांवर एकदाचं भोक खाली गेलं. दगड एवढ्या लांबवर का लागावा, हे त्या वेळी विचारायला हवं होतं. पण माझं डोकं चार या आकड्यात अडकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऐकायला बसलो. काशम्मा मुद्दाम आली होती. आपल्या कोपऱ्याचं कौतुक ऐकायला. मायाप्पानं मोगरी मारायला सुरुवात केली. तो हात हलका करू शकला असता, जड करू शकला असता, मला गोंधळात पाडू शकला असता. त्यानं प्रत्येक ठोका पहिल्या तीन कोपऱ्यांवर मारला तसाच मारला. एक फूट, टणक. दोन, टणक. तीन, चार. पाचव्या फुटाला गादी.

मी डबी वर घेतली, पुन्हा सोडली. पुन्हा गादी. नळी गुरुबसप्पानं माझ्या कानातून ओढून घेतली आणि या वेळी त्यालासुद्धा कळलं.

तो कागद घेऊन आला. आवाज चढवला नाही. साडीतला दोष दाखवताना बोलायचा तसंच बोलला. “कागदावर साडेसहा, भिंतीखाली चार. मधले अडीच फूट कुणी खाल्ले?”

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दारात शेजारचा भांडीवाला उभा होता.  मायाप्पा माझ्याकडं बघत होता, रागानं नाही, घाईनंही नाही. एखाद्यानं उसना घेतलेला पाटा-वरवंटा परत आणला की आपण दारात उभे राहतो तसा, आता मिळेलच म्हणून.

मी म्हणालो, “मी बघितला तेव्हा खड्डा साडेसहा होता. मागाहून भरताना काय झालं, ते मी कसं सांगू?”

बस, एवढंच. खोटं बोलायला फार शब्द लागत नाहीत. गवंडी दगड वाचवायला खालचा खड्डा मातीनं भरून घेतात, हे पेठेत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भांडीवाल्यानं मान हलवली.

मायाप्पानं मोगरी भिंतीला टेकून ठेवली. काशम्माकडं एकदा बघितलं. मग म्हणाला, “व्हय. कमीच हाय त्यो कोपरा.”

काशम्मा म्हणाली, “मायाप्पा, त्या दिवशी तुला माझ्या हातानं पुरणाची होळगी वाढली होती रे.”  मायाप्पानं पटका काढून खांद्यावर टाकला आणि गर्दीतून निघून गेला.

त्याच्या मागोमाग बातमी गेली, आणि ती त्याच्याहून जोरात चालत होती. संध्याकाळपर्यंत सराफ कट्ट्यापर्यंत पोचली. आठवड्यात मला चार बोलावणी आली, सगळी मायाप्पानं बांधलेल्या दुकानांची. आमचाही जरा ऐकून बघा. मी दोन ऐकले. दोन्ही मुरमात घट्ट. मी तसं मालकांना सांगितलं. ते खूश झाले, चहा पाजला, आणि ते कुणालाही सांगितलं नाही. मायाप्पाकडं दोन कामं ठरलेली होती, एक नव्या पेठेत आणि एक करकंबच्या एका बागाईतदाराचं. दोन्ही दुसऱ्याकडं गेली. त्याच्या हाताखालच्या बायामाणसांनी दुसरा गवंडी धरला.

हे सगळं मला कळत होतं. रोज कळत होतं. मी उद्या बोलतो म्हणायचो. पहिल्या दिवशी एका वाक्याचं काम होतं. आठव्या दिवशी त्याला खुलासा लागला असता, पंधराव्या दिवशी माफी.

गुरुबसप्पानं कोपरा खालून भरून घ्यायचं काम सिद्धाराम नावाच्या तरण्या ठेकेदाराला दिलं. महिन्याभरानं त्यानं आत टेकू लावून, कपाटं हलवून, हातभर रुंदीच्या पट्ट्यांनी जपून खोदायला घेतलं. दुसऱ्या दिवशी मला निरोप आला, येऊन बघा.

मी गेलो. अडीच फुटांवर दगड होता. राडारोडा नव्हता. घडीव काळा दगड, भिंतीपासून सव्वादोन फूट बाहेर आलेला, त्याखाली दुसरा थर, त्याखाली तिसरा, सांध्यावर सांधा येऊ न देता चुन्यात बसवलेले, चार फुटांपर्यंत. बैलगाडीच्या चाकाखाली आडवी फळी टाकावी तसं त्या कोपऱ्याखाली दगडाचं ताट मांडलेलं. खाली जाता येत नव्हतं म्हणून मायाप्पा आडवा गेला होता. पूजेच्या दगडाला कुठंही न दुखावता, तो मधोमध ठेवून, तीन बाजूंनी. म्हणून बावीस वर्षांत आणि त्या दुष्काळातही त्या भिंतीला केसाएवढी भेग नव्हती. माझी नळी खोली विचारत होती. रुंदी मी विचारलीच नव्हती. गिरमिटानं दोनदा सांगितलं, त्यानं तोंडानं सांगितलं, तरी नाही.

सिद्धाराम म्हणाला, ह्या कोपऱ्यावर एक सोडून दोन चढवा, मी लिहून देतो. गुरुबसप्पा त्या दगडांकडं बघत म्हणाला, एवढा जास्तीचा दगड वडिलांनी कुठनं आणून दिला असेल. मग म्हणाला, “म्हणजे मायाप्पानं खाल्लं नव्हतं म्हणा की.”

तेव्हा मी सांगितलं. मुहूर्त, खड्डा, माझं ‘भरून घे’, सगळं. काशम्मा नव्हती, तरी पूजेचा भाग मी जरा हळूच सांगितला. गुरुबसप्पा मला घालवून देईल असं वाटलं होतं. त्यानं तसं काही केलं नाही. व्यापाऱ्याला तोटा झाला नाही की राग फार टिकत नाही. म्हणाला, होतं साहेब, माणूस आहे. सिद्धारामला मजल्याचं काम दिलंय, आता शब्द फिरवता येत नाही. मायाप्पाला एक धोतरजोडी पाठवतो. पाठवली की नाही, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं कुंभारीला गेलो.

मायाप्पा अंगणात बसून लोकर कातत होता. आता जावयाच्या मेंढ्यांमागं जातो म्हणाला, सावलीला बसायला तरी मिळतंय. मला बघून उठला, घोंगडं झटकून टाकलं. त्याची बायको गोजाबाई पलीकडं ज्वारी पाखडत होती. तिनं पदर सारखा केला, पण सूप थांबवलं नाही.

मी त्याला दगडांचं सांगितलं. तो ऐकून घेत होता, मधेच हसला, म्हणाला, “त्ये हाय व्हय अजून? म्या ईरप्पा मालकास्नी सांगितलं हुतं, कडंला जरा पसरतो म्हनून. त्येनी दगड दिला. तुमी गेला हुता तवर.”

मी विचारलं, मग त्या दिवशी दुकानात बोलला का नाहीस?

“काशम्मा अव्वा समोर हुत्या की,” तो म्हणाला. “त्येंच्या कुंकवापायी कोपरा उथळ राह्यला म्हनून कसं सांगायचं? धनी गेल्यालं त्याच साली. उगं मनाला लावून घेतल्या असत्या.” चाती हातात फिरवत राहिला. “आनि तुमी सांगाल म्हनून थांबलो. तुमाला तसं सांगाया आलं असतं, त्येंचं नाव न घेता. मी सांगितलं असतं तर गवंडी अंग काढून घेतुया, असंच झालं असतं.”

मी म्हणालो, मी पेठेत जाऊन सगळ्यांना सांगतो. एकेका दुकानात जातो. भांडीवाल्याला सांगतो.

“पेठंचं ऱ्हाऊ द्या. माजं हात आता चालत न्हाईत, काम आलं तरी मी काय करनार.” त्यानं मानेनं पलीकडं दाखवलं. “हिला सांगा.”

मला कळलं नाही. मी म्हटलं, हिला तू सांगितलं असशीलच.

“सांगितलं की. घरी आलो तवाच सांगितलं. पर बाजारात बाया तिला म्हनत्यात, तुज्या दाल्ल्यानं पाया खाल्ला. मग रातच्याला मला इचारती, खरंच न्हाई नव्हं? दर आठ दिसानं इचारती. आता माज्याच सांगन्यानं किती सांगू?”

सूप थांबलं होतं.

मी तिच्यासमोर जाऊन बसलो. आयुष्यात कुठल्याही साहेबापुढं बसलो नसेन तसा. तिला सांगितलं की त्या कोपऱ्याचा खड्डा चार फुटांवर थांबवायला मी सांगितलं, कागदावर साडेसहा मी लिहिलं, दुकानात खोटं मी बोललो. मायाप्पानं एक दगडसुद्धा चोरला नाही, उलट जास्तीचे घातले. ती माझ्या तोंडाकडं न बघता ज्वारीतले खडे वेचत ऐकत होती. झाल्यावर तिनं विचारलं, “मग त्या दिशी का न्हाई बोलला?”

बरा प्रश्न होता. मी एसटीत बसल्यापासून त्याचं उत्तर जुळवत आलो होतो आणि त्यातलं एकही वाक्य तिच्यापुढं ठेवण्यासारखं नव्हतं.

मायाप्पाच मधे पडला. “सोड की गं. नोकरी हाय त्येंची. सही खोटी म्हनली तर सरकार पेन्शन ठेवतंय का? प्वाराबाळांचा मानूस. जा, चा टाक.”

गोजाबाईनं मान हलवली. तेवढं तिला पटलं असावं. नोकरीपायी माणसं काय काय करतात, हे तिनं बघितलेलं होतं. ती उठून चुलीकडं गेली.

मला रिटायर होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. पेन्शन सुरू होती, आणि बावीस वर्षांपूर्वीच्या सहीसाठी ती कुणी बंद करणार नव्हतं. त्या दिवशी दुकानात खरं बोललो असतो तर माझं जाणार होतं ते फक्त एवढंच, की भांडीवाल्यासमोर जरा ओशाळं व्हावं लागलं असतं.

हे मी तिला सांगितलं नाही. मायाप्पालाही नाही. चहा आला, गुळाचा होता. मी तो सगळा प्यालो.